गुडघ्याजवळचं हाड आणि त्याला धरणारी पट्टी

 

मागच्या काही महिन्यांत आमच्या वेगवेगळ्या गटांच्या बैठकांत एकाच कारणासाठी कर्जाचे अर्ज आले. कोणाचा नवरा मोटरसायकलवरून पडला, कोणाचा मुलगा ताडाच्या झाडावरून, कोणी ताई पावसात ओट्यावरून घसरली. हाड मोडलं ते गुडघ्याजवळ. आपल्याकडे कोणी गुडघा म्हणतं, कोणी टोंगळा, तेलुगू बोलणाऱ्या घरांत मोकालु म्हणतात, दुखणं एकच. डॉक्टरांनी सांगितलं, पट्टी बसवावी लागेल. गावात आल्यावर त्याचं झालं, "लोखंड टाकलं", "नट-बोल्ट मारले". आणि बैठकीत एका आजींनी विचारलं, हाड तर आपोआप जुळतं ना, मग हे लोखंड कशाला? आमच्या आजोबांचं बांबूच्या कामट्यांनी जुळलं होतं.

प्रश्न अगदी बरोबर आहे. हाड आपोआपच जुळतं. जगातली कोणतीही पट्टी, कोणताही स्क्रू हाड जुळवत नाही. मग ही पट्टी करते काय, आणि ती आली कुठून, हे आम्ही शोधलं. वाचलं, दवाखान्यातल्या जाणत्या लोकांना विचारलं. तीच गोष्ट आज सांगतो. गोष्ट लांबची आहे, पण सुरुवात आपल्याच जंगलातून होते.

सुश्रुतसंहिता हा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शल्यविद्येचा ग्रंथ. त्यात मोडलेल्या हाडांवर उपचाराचं एक प्रकरण आहे. हाड सरळ करून बांधायला कोणत्या झाडांच्या साली आणि कामट्या घ्याव्यात, याची यादी त्यात दिली आहे. त्यातली नावं ऐका: मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वेळू म्हणजे बांबू, वड. आपण मार्च महिन्यात पहाटे उठून ज्याची फुलं वेचतो तोच मोह! पुढचं तर अजून नेमकं आहे. बंध सैल झाला तर सांधा स्थिर राहत नाही आणि फार घट्ट झाला तर सूज येते, ठणका लागतो, पू होतो, म्हणून मध्यम बांधावा. थंडीत सात दिवसांनी सोडून पुन्हा बांधावा, मधल्या ऋतूत पाच दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी. मांडी किंवा नळी मोडली तर माणसाला लाकडी फळीवर निजवून पाच ठिकाणी खुंट्या ठोकून पाय हलणार नाही असा ठेवावा.

म्हणजे आपल्या हाडवैद्यांचं बांबूचं बांधणं काही हवेतून आलेलं नाही. आम्ही त्यांची थट्टा करणार नाही. नळीचं हाड मधोमध मोडलं, जागचं फार हललं नाही, तर कामट्यांनी ते जुळतं, हे पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पाहिलं आहे. पण तोच उपाय गुडघ्याजवळ का कमी पडतो, ते समजून घेण्यासाठी आधी गुडघा कसा आहे ते पाहू.

मांडीचं हाड वरून येतं आणि खाली रुंद होऊन दोन गोल टोकांत संपतं. खाली नळीचं हाड वर येऊन पाटासारखं सपाट होतं. त्या पाटावर ती दोन गोल टोकं बसतात आणि मागे-पुढे सरकतात. समोर वाटी असते. पाटावर आणि गोल टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो, कोवळ्या नारळाच्या मलईसारखा. हाडाला रक्त भरपूर मिळतं म्हणून ते जुळतं. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्याखालचं हाड खचलं आणि तसंच जुळलं, तर पाट कायमचा वाकडा. मग जात्याचा दगड खाचेत अडकून फिरावा तसा गुडघा प्रत्येक पावलाला घासतो. माणूस चाळिशीतच म्हाताऱ्यासारखा चालायला लागतो.

दुसरी अडचण याहून मोठी. हाड जुळेपर्यंत ते हलू नये म्हणून सांधाही बांधून ठेवावा लागतो. गुडघा दोन-तीन महिने सरळ बांधून ठेवला की तो आखडतो. आतले पडदे चिकटतात, मांडीचा स्नायू वाळतो. हाड जुळलं, पण पाय दुमडत नाही. ज्या देशात लोक खुर्चीवर बसतात तिथे हे कसंबसं निभतं. आपल्याकडे? रोवणी वाकून, चूल बसून, तेंदूपत्त्याचे पुडे बांधणं मांडी घालून, शौचाला उकिडवं. गटाच्या बैठकीलासुद्धा आपण सतरंजीवरच बसतो. ज्या बाईचा गुडघा दुमडत नाही तिचं अर्धं काम दुसरीच्या अंगावर जातं, आणि ती दुसरी बहुतेक वेळा तिची मुलगी असते. तिची शाळा सुटते. म्हणून आम्हाला हा विषय महत्त्वाचा वाटतो.

तर पेच असा होता. हाडाला स्वस्थता हवी आणि सांध्याला हालचाल हवी. दोन्ही एकाच वेळी द्यायचं कसं? पट्टीचा सगळा इतिहास हा पेच सोडवण्याचा इतिहास आहे.

युरोपातही सुरुवात हाडवैद्यांपासूनच झाली. इंग्लंडच्या शेजारी वेल्स नावाचा प्रदेश आहे. तिथल्या अँगलसी बेटावर थॉमस नावाचं हाडवैद्यांचं घराणं होतं. सांगतात की त्यांचा मूळ पुरुष लहानपणी फुटलेल्या जहाजातून किनाऱ्याला लागलेला पोर होता. त्याच घराण्यातले इव्हान थॉमस लिव्हरपूल शहरात हाडं बसवायचे आणि डिग्रीवाले डॉक्टर त्यांना कोर्टात खेचायचे. इव्हानने आपल्या मुलाला, ह्यू ओवेन थॉमसला, डॉक्टरकी शिकवली. या ह्यूने १८७५ मध्ये पायासाठी लोखंडी सळ्यांची एक चौकट लोकांपुढे मांडली. वर जांघेत बसणारं कातडी गुंडाळलेलं कडं, दोन्ही बाजूंनी सळ्या, खाली टाचेपाशी ताण देऊन पाय बांधायचा. त्याच्या हयातीत तिची फारशी कोणी कदर केली नाही. तो १८९१ मध्ये वारला. पुढे पहिल्या महायुद्धात त्याचा भाचा डॉ. रॉबर्ट जोन्स याने ती चौकट सैन्यात नेली, आणि मांडीचं हाड मोडून वाटेतच मरणारे कितीतरी सैनिक जगायला लागले. तिला आजही थॉमस स्प्लिंट म्हणतात. हाडवैद्याच्या घरातली वस्तू डिग्रीवाल्यांच्या दवाखान्यात कायमची जाऊन बसली, याची आम्हाला मोठी मौज वाटली.

प्लॅस्टर त्याच्या थोडं आधीचं. हॉलंडच्या सैन्यातले डॉक्टर मॅथायसन यांनी १८५१ मध्ये कापडी पट्ट्यांत जिप्समची भुकटी घोळून त्या ओल्या करून गुंडाळायची रीत काढली. प्लॅस्टरने हाड धरलं, पण सांधाही धरला. १९०७ मध्ये स्वित्झर्लंडच्या स्टाइनमन यांनी हाडातून आडवी खीळ घालून तिला वजन लटकवायची पद्धत आणली. त्यात माणूस आठवडेच्या आठवडे खाटेला खिळून राहायचा. घरात कमावता एकच असेल तर दोन-तीन महिने खाटेवर म्हणजे काय, ते आपल्याला सांगायला नको.

हाड थेट उघडून बांधायला कोणी धजत नव्हतं, कारण उघडं केलं की पू होणार आणि माणूस जाणार. जंतू मारायचं औषध जखमेवर वापरायची पद्धत जोसेफ लिस्टर यांनी रुजवली. आणि त्यांनी स्वतःच्या पद्धतीवर एवढा विश्वास टाकला की १८७७ मध्ये लंडनमध्ये एका माणसाची मोडलेली गुडघ्याची वाटी उघडून ती चांदीच्या तारेने बांधली. तिथल्या काही डॉक्टरांना हा वेडेपणा वाटला. अशी धडधाकट माणसाची वाटी उघडणं म्हणजे त्याला मारणं, असं त्यांचं म्हणणं. तो माणूस बरा झाला. बघा, गुडघ्याजवळच्या हाडाला धातू बांधण्याच्या या पहिल्या मोठ्या प्रयोगांतला धातू चांदी होता. आपण पायात घालतो तीच.

त्या काळात आपलं सिरोंचा कुठे होतं? १८६० मध्ये हा मुलूख निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि सिरोंचा चक्क जिल्ह्याचं ठाणं झालं, अप्पर गोदावरी जिल्ह्याचं. गोदावरीतून आगबोटी चालवायचं इंग्रजांचं स्वप्न होतं. ते खडकांवर आपटून फुटलं. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याला जोडलं गेलं. त्यानंतर तीनच वर्षांनी तिकडे लंडनमध्ये ती चांदीची तार बांधली गेली. इथे मात्र पुढची शंभर वर्षं पाय मोडला की कामट्याच होत्या, आणि फार तर खाटेवर घालून नदीपलीकडे न्यायचं.

१८८६ मध्ये जर्मनीतल्या हँबुर्ग शहरात हान्समन यांनी हाडावर धातूची पट्टी ठेवून ती स्क्रूने पक्की केली. पट्टीचं एक टोक आणि स्क्रूंचे दांडे कातडीबाहेर ठेवलेले, म्हणजे काही आठवड्यांनी बाहेरूनच काढता यावेत. १८९५ मध्ये राँटगेन यांनी एक्स-रे शोधला आणि मोडलेलं हाड न उघडता दिसायला लागलं. त्यामुळे एक वेगळीच अडचणही झाली. आजवर "छान जुळलं" म्हणून ज्यांना घरी पाठवलं होतं त्यांची हाडं आत किती वाकडी जुळली आहेत, ते दिसलं!

लंडनचे लेन आणि बेल्जियमचे लांबोत हे पुढचे दोघे. लेन यांनी लांब दांड्यांची हत्यारं वापरली, म्हणजे हात जखमेला लागूच नये. लांबोत तर स्वतःच्या हाताने हत्यारं घडवायचे. त्यांना व्हायोलिनं बनवायचाही नाद होता, आणि ती व्हायोलिनं नावाजलेली होती. लाकडाचा स्वभाव ज्याला कळतो त्यालाच हाड कळतं, असं आम्हाला वाटलं. आपल्या गावचा सुतार भेगाळणाऱ्या लाकडात खिळा ठोकण्याआधी सामत्याने भोक पाडतो ना? हाडाचंही तसंच. आधी गिरमिटाने भोक, मग खोली मोजायचा आकडा, मग आटे पाडायचं हत्यार, शेवटी स्क्रू. हाड पकडायचे चिमटे, पट्टी वाकवायचं हत्यार, हाड उचलायचा ठोकणा. ऑपरेशनच्या ताटातली निम्मी हत्यारं सुताराला ओळखू येतील.

लेन यांच्या पट्ट्या मात्र आत गंजायच्या आणि तुटायच्या. शरीर आतून खारट ओलं असतं, समुद्राकाठचं लोखंड टिकत नाही तसंच ते. अमेरिकेत पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यातले डॉक्टर शर्मन यांनी १९१२ मध्ये जास्त चिवट पोलादाची पट्टी केली. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्याच व्हेनेबल आणि स्टक यांनी दाखवलं की शरीरात दोन वेगळे धातू शेजारी ठेवले तर त्यांच्यात बॅटरीसारखी वीज खेळते आणि हाड व धातू दोन्ही झिजतात. म्हणून पट्टी आणि स्क्रू एकाच धातूचे हवेत. आज ते खास स्टेनलेस स्टीलचे असतात किंवा टायटॅनियमचे. गावात ज्याला आपण लोखंड म्हणतो ते साधं लोखंड नव्हेच.

आता या गोष्टीतला आमचा सगळ्यात आवडता भाग, कारण तो गटाचा आहे.

स्वित्झर्लंड डोंगराळ देश. शेतकरी, लाकूडतोडे, कामगार, बर्फावर घसरणारे हौशी लोक, सगळ्यांचे पाय मोडायचे. प्लॅस्टर आणि वजनं लावून हाडं जुळायची, पण कितीतरी जण आखडलेल्या पायाने कायमचे अपंग राहायचे आणि त्यांना विम्याचं निवृत्तिवेतन द्यावं लागायचं. मॉरिस म्युलर नावाचे तरुण डॉक्टर १९५० मध्ये बेल्जियमला रॉबर्ट दानी यांना भेटले. दानी दोन तुकडे एकमेकांवर घट्ट दाबणारी पट्टी वापरायचे आणि त्यांचे रुग्ण प्लॅस्टरशिवाय सांधा हलवायचे. म्युलर यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. परत येऊन त्यांनी माणसं जमवली आणि ६ नोव्हेंबर १९५८ ला बील गावात तेरा डॉक्टरांनी मिळून एक गट स्थापन केला. एओ हे त्याचं नाव.

तेरा जण. आपल्या गटात दहा ते वीस असतात. त्यांनी काय ठरवलं? हत्यारं आणि पट्ट्या एकाच मापाच्या करायच्या, म्हणजे एकाचा स्क्रू दुसऱ्याच्या पट्टीत बसेल. त्या घडवल्या रॉबर्ट माटिस नावाच्या छोट्या कारखानदाराने. हत्यारांवरचा मोबदला डॉक्टरांनी स्वतःच्या खिशात न घालता संशोधनाच्या सामाईक कामाला द्यायचा. आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवायची. आधीचा एक्स-रे, नंतरचा, काही महिन्यांनी, वर्षाने. चांगलं झालं तेही लिहायचं, बिघडलं तेही लिहायचं. आपल्या वहीत हप्ता चुकलेलीचं नावही लिहावं लागतं, तसंच. या वह्यांमुळेच कोणती पट्टी टिकते आणि कोणती तुटते ते कळलं. नाहीतर प्रत्येक डॉक्टर आपलंच खरं म्हणत बसला असता.

त्यांचं मुख्य म्हणणं सोपं होतं. हाड इतकं पक्कं धरा की रुग्णाला लवकर सांधा हलवता येईल. पट्टीचं काम एवढंच आहे, आणि आजींच्या प्रश्नाचं उत्तरही हेच. हाड स्वतःच जुळतं. ते जुळेपर्यंत पट्टी त्याला धरून ठेवते, म्हणजे गुडघ्याला बसून राहावं लागत नाही. पुढे १९७० च्या दशकात कॅनडातल्या टोरांटोच्या डॉ. सॉल्टर यांनी सशांवर प्रयोग करून दाखवलं की दुखावलेली कूर्चासुद्धा हालचालीत ठेवली तर जास्त चांगली भरते.

गुडघ्याजवळ पट्टी बसवणं मात्र मांडीच्या मधोमध बसवण्यासारखं सोपं नाही. तिथलं हाड रुंद पण आतून भुसभुशीत, जाळीदार. म्हातारपणी तर शिळ्या भाकरीसारखं. त्यात स्क्रूची पकड ढिली होते. आणि पाट खचलेला असेल तर आधी तो उचलावा लागतो. १९२९ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी मोटारीच्या बंपरची धडक गुडघ्याच्या बाजूला लागून हा पाट कसा फुटतो ते लिहून ठेवलं. मोटारींच्या पुढच्या पट्टीची उंची नेमकी तेवढीच! १९७९ मध्ये टोरांटोच्याच डॉ. शॅट्झकर यांनी पाट फुटण्याचे सहा प्रकार पाडले. आजही डॉक्टर एक्स-रे बघून "टाइप टू", "टाइप सिक्स" म्हणतात ते यावरून.

पाट उचलतात कसा? घरातली शहाबादी फरशी खाली खचली तर आपण नुसतं वरून सिमेंट लावत नाही. फरशी उचलतो, खाली मुरूम भरतो, ठोकून घट्ट करतो, मग फरशी बसवतो. तसंच इथे. नळीच्या हाडाला खाली छोटी खिडकी पाडून आतून ठोकण्याने खचलेला तुकडा हळूहळू वर उचलतात. खाली जी पोकळी राहते तिच्यात त्याच माणसाच्या कमरेच्या हाडाचा चुरा काढून भरतात. आणि मग बाजूने आधाराची पट्टी, कलत्या भिंतीला टेकू द्यावा तशी. तिचा आकार वरून रुंद, खाली लांब, हाडाला चिकटून बसेल असा.

भुसभुशीत हाडाची अडचण १९९० च्या दशकानंतर बरीचशी सुटली. नव्या पट्टीच्या भोकांना आतून आटे असतात आणि स्क्रूच्या डोक्यालाही. स्क्रू हाडात जातो आणि डोकं पट्टीत कुलूप लागल्यासारखं अडकतं. आता पकड एकट्या हाडावर अवलंबून राहत नाही. सगळे स्क्रू मिळून एक चौकट होते. अशी पट्टी मोठी चीर न देता छोट्या छेदातून सरकवताही येते, म्हणजे हाडाभोवतीचं रक्त कमी तुटतं. मात्र नवी म्हणजे प्रत्येकाला लागतेच असं नाही. तरुण माणसाच्या घट्ट हाडाला साधी पट्टीही पुरते. डॉक्टरांना हे विचारायला लाजू नये. महागडी वस्तू गरजेची आहे की नाही, हा प्रश्न आपण शिलाई मशीन घेताना विचारतोच.

वाटी मोडली तर वेगळीच युक्ती. वाटीचे दोन तुकडे मांडीचा स्नायू एकमेकांपासून ओढत असतो. दोन बारीक खिळ्या आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा तारेचा वेढा असा घालतात की गुडघा दुमडला की तोच ताण तुकड्यांना एकमेकांवर दाबतो. विरोध करणाऱ्या सासूलाच गटाची अध्यक्ष करावं, तसं काहीसं!

आपल्या महाराष्ट्राचंही यात एक देणं आहे. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक तारा, सळ्या आणि जोडकड्यांची हलकी आणि स्वस्त बाहेरची चौकट तयार केली. तिला त्यांच्याच नावावरून जेस म्हणतात. वाकड्या पावलांची बाळं आणि हातांच्या जखमांसाठी ती फार नावाजली, आणि गुडघ्याजवळ कातडी इतकी सोललेली असते की पट्टी घालणं धोक्याचं, अशा रुग्णांतही ती वापरली गेली. चौकट बाहेर, आत फक्त तारा. बेल्जियमच्या त्या लांबोत यांनीही १९०२ मध्येच बाहेरून हाड धरायची चौकट केली होती.

ही चौकट बघून आपल्याकडचे लोक घाबरतात, पायातून सळ्या निघाल्या म्हणतात. आणि दुसरी तक्रार, "आठ दिवस झाले, नुसतं झोपवून ठेवलंय, ऑपरेशनच करत नाहीत." मैत्रिणींनो, पाट जोरात फुटलेला असेल तर पाय भोपळ्यासारखा सुजतो, कातडीवर पाण्याचे फोड येतात. त्या सुजेवर चीर दिली तर ती जखम मिटत नाही, आत जंतू शिरतात. म्हणून आधी बाहेरची चौकट लावून पाय ताणात ठेवायचा, सूज उतरून कातडीला सुरकुत्या पडायला लागल्या की मग पट्टी. एक-दोन आठवडे जातात. हा उशीर उपचाराचाच भाग आहे. त्यात रुग्णाला घरी उचलून आणणं घातक.

जिथे क्षणभरही थांबायचं नाही ते वेगळं. गुडघ्याच्या मागून पायाची मोठी रक्तवाहिनी जाते, हाडाला अगदी चिकटून. हाड सरकलं की ती दबते किंवा फाटते. पावलाला रक्त गेलं नाही तर साधारण सहा तासांत पाय वाचणं अवघड होतं. पाऊल गार पडलं, पांढरं-निळं दिसतंय, बोटांना स्पर्श कळत नाही, बोटं जराशी हलवली तरी रुग्ण किंचाळतोय, पोटरी दगडासारखी टणक झालीय, तर घट्ट बांधलेलं सगळं सैल करायचं आणि निघायचं. कामट्या घट्ट आवळून बांधल्या असतील तर हेच संकट आपण स्वतः ओढवून घेतो. सुश्रुतांनी दोन हजार वर्षांपूर्वी सांगितलेला तो घट्ट बंधाचा इशारा हाच. वाटेत नेताना बांबूच्या दोन लांब काठ्या कपड्यात गुंडाळून मांडीपासून घोट्याच्या खालपर्यंत सैलसर बांधा, बोटं उघडी ठेवा, आणि दर थोड्या वेळाने हात लावून बघा.

कारण आपली वाट लांब आहे. सिरोंच्याला ग्रामीण रुग्णालय आहे. पाय आधाराने बांधून, वेदनेचं इंजेक्शन देऊन, सलाईन लावून पुढे पाठवणं तिथे होतं, १०८ ची गाडी मिळते. पट्टीचं ऑपरेशन म्हणजे हाडांचे डॉक्टर, भूलतज्ज्ञ, फिरता एक्स-रे आणि जंतुविरहित खोली, आणि त्यासाठी गडचिरोली, चंद्रपूर, सेवाग्राम किंवा नागपूर. गडचिरोलीच दोनशे किलोमीटरच्या वर. गोदावरीवरचा पूल झाल्यापासून बरेच जण पलीकडे तेलंगणात वरंगलकडे नेतात, कारण भाषा आपली आणि अंतर कमी. त्यात चूक काही नाही, जीव महत्त्वाचा. पण पैशाचा हिशेब वेगळा होतो, तो ऐका.

गडचिरोली हा राज्यातल्या त्या पहिल्या आठ जिल्ह्यांपैकी एक आहे जिथे २ जुलै २०१२ ला जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. तीच आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०२३ मध्ये शासनाने ती सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू करायचं आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण द्यायचं ठरवलं. हाडांची बरीच ऑपरेशनं त्यात आहेत. पण ती योजनेतल्याच दवाखान्यांत. म्हणून पूल ओलांडण्याआधी, रुग्णाचं पाऊल गरम आहे आणि वेळ आहे असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर, तो दवाखाना योजनेत आहे का ते विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्या. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांना गाठा. आमच्या एका गटातल्या ताईंनी घाईत चोवीस टक्के व्याजाने सावकाराकडून पैसे उचलले. नंतर कळलं की आधी जिथे नेलं होतं तिथे हेच ऑपरेशन फुकट झालं असतं.

आणखी एक गोंधळ. "सरकारने गुडघ्याचे भाव उतरवले" असं लोक म्हणतात. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने खरंच भाव बांधून दिले. सरासरी दीड लाखाच्या पुढे जाणाऱ्या नेहमीच्या कृत्रिम गुडघ्याची कमाल किंमत त्या वेळी ५४,७२० रुपये केली, कर वेगळा. पण ते झिजलेला सांधा बदलण्याच्या गुडघ्यांसाठी. मोडलेल्या हाडाच्या पट्टीला तो आदेश लागू नव्हता. बिल बघताना दोन्हींत गल्लत करू नका.

ऑपरेशननंतरचा काळ घरातल्या बायकांच्या हातात असतो. डॉक्टर सांगतात, गुडघा हलवा, पण वजन टाकू नका. लोक नेमकं उलटं करतात. गुडघा उशीवर सरळ ठेवून देतात, आणि महिन्याभरात "आता बरं वाटतंय" म्हणून पाय टेकून विहिरीवर जातात. खचलेला पाट उचलून खाली जो चुरा भरला आहे तो पक्का व्हायला वेळ लागतो. वजन कधी टाकायचं ते एक्स-रे पाहून डॉक्टरच सांगतील. तोवर कुबडी. पण दुमडण्याचा व्यायाम सांगितला असेल तर तो रोज, दुखलं तरी, कारण त्याच्यासाठीच तर एवढं सगळं केलं. पलंगाच्या कडेला बसून पाय लोंबता सोडायचा आणि चांगल्या पायाने दुखऱ्याला हळूच मागे ढकलायचं. किती आणि केव्हापासून, ते डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या.

त्याच कागदाबद्दल शेवटचं. पट्टी पुढे काढावी लागते का, असं सगळे विचारतात. त्रास नसेल तर बहुतेकांना काढावी लागत नाही. पण टोचायला लागली, जंतू झाले, किंवा पुढे कधी सांधा बदलायची वेळ आली तर काढतात, आणि तेव्हा दवाखाना दुसरा असू शकतो, डॉक्टरही दुसरे. स्क्रूच्या डोक्याची खाच प्रत्येक कंपनीची सारखी नसते. कोणाची षटकोनी, कोणाची चांदणीसारखी. त्याच खाचेचं हत्यार हाताशी नसेल तर स्क्रू निघता निघत नाही. म्हणून ऑपरेशनच्या वेळी पट्टी आणि स्क्रूंच्या पाकिटांवर जी चिठ्ठी असते, कंपनी, माप आणि बॅच नंबर असलेली, ती किंवा तिची नोंद मागून घ्या आणि डिस्चार्जच्या कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. घरात पावसाळ्यात कागद टिकत नसतील तर गटाच्या पेटीत जागा आहे.